माळवदाचं घर बाहुलीच्या मापात: लातूर-नांदेडकडचा जुना वाडा छोटा कसा करतात?

बाहुलीघर म्हटलं की दुकानातला गुलाबी, उतरत्या छपराचा प्लास्टिकचा बंगला डोळ्यांसमोर येतो. पण बाहुलीघर हा मोठ्या माणसांचाही जुना छंद आहे. एक काळ निवडायचा आणि त्या काळचं घर, भांडीकुंडी, दिवे, अंथरुणं सगळं एकाच प्रमाणात लहान करायचं. इंग्लंडच्या विंडसर कॅसलमध्ये राणी मेरीचं बाहुलीघर आहे. एडविन ल्युटेन्स या वास्तुरचनाकाराने आखलेलं हे घर १९२४ मध्ये पूर्ण झालं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये अशाच ६८ खोल्या आहेत, त्यांना 'थॉर्न रूम्स' म्हणतात. दोन्हीकडे प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे भातुकली. पण भातुकलीत भांडी असतात, घर नसतं. ते मुली ओसरीच्या कोपऱ्यात मनानेच उभं करतात. त्या भांड्यांना घर द्यायचं ठरवलं, तर लातूर-नांदेड भागात ते माळवदाचं असेल.

माळवद म्हणजे काय?

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. दगडी बैठकीवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर आडवी लाकडं, मग फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर एक-दीड फूट तर असायचाच. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, त्यामुळे जुन्या घरांवर तो आणखी चढत जायचा. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंदीच्या. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा आणि रात्री माळवदावर झोपताही यायचं. उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी छताला एक भोक असायचं, त्याला साणं किंवा सवणं म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हेच छत माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. तरीही एवढी माणसं जाण्यामागे घरांची रचना हे मोठं कारण होतं. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. भिंती फुटल्या आणि वरची टनावारी माती खाली बसली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली आणि त्या पट्ट्यातून माळवदाची घरं जवळपास नाहीशी झाली. म्हणून या भागातल्या छोट्या घराकडे नुसती शोभेची वस्तू म्हणून पाहता येत नाही. पातळ पुठ्ठ्याच्या भिंती आणि रंगवलेलं छत असलेला 'वाडा' देखणा दिसेल, पण त्या घरात गारवा का होता आणि ते पडलं कसं, यातलं काहीच त्यातून कळणार नाही.

उघडायचं कुठून?

युरोपातली बाहुलीघरं बहुधा कपाटासारखी समोरून उघडतात. वाड्याच्या बाबतीत हे जमत नाही. रस्त्याच्या बाजूला दरवाजा, त्यामागे ढेलज आणि बाकी बहुतेक कोरी भिंत. खरं घर आतल्या चौकाभोवती असतं. त्यामुळे छत उचलता येईल अशी रचना बरी, आणि तेही एकसंध नको. जुनी घरं खणांत मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. एकास बारा प्रमाणात तो पाच-सहा इंचांचा होतो. दोन-दोन खणांचे छताचे तुकडे केले तर ते हाताने सहज निघतात.

तीन फुटांची भिंत इथे तीन इंचांची आणि दीड फुटाची माती दीड इंचाची. हे माप कमी करण्याचा मोह होतो, कारण आतली जागा खूपच कमी उरते. पण खऱ्या घरातही असंच होतं. कोनाडे, देवळ्या आणि धान्याचं बळद या जाडीतच सामावलेले असायचे. सगळी जाडी मातीने भरायची गरज नाही. आत थर्माकोल आणि वर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा लेप पुरतो. मातीत भुसा घालायचा तर आधी कुटून घ्यावा, नाहीतर भिंतीतून ओंडके डोकावल्यासारखे दिसतात.

प्रमाण खरं फसतं ते सामानात. बाजारातलं जातं दोन-तीन इंचांचं असतं आणि खरं जातं सव्वा फुटाच्या आसपास, म्हणजे इथे ते सव्वा इंचाचं हवं. भातुकलीचा पितळी तांब्या, घागर, चूल एकमेकांच्याही मापात नसतात. मुलांना त्याने काही बिघडत नाही, पण छोट्या वाड्यात ठेवल्यावर घागर रांजणाएवढी दिसते. धान्याचंही तसंच. कणगीत खरी ज्वारी घातली, तर तिचा दाणा बाहुलीच्या हिशेबाने लहान लिंबाएवढा होतो. त्याऐवजी बारीक रवा शोभतो. भाकरी पाऊण इंचाची. जमीन सारवल्यावर उमटणारे हाताचे अर्धगोल बोटाने काढू नयेत, त्यासाठी बारीक कुंचला घ्यावा. गोधडी आणि धोतराचं कापड एवढ्या लहान मापात अंगच्या वजनाने खाली पडत नाही, ताठ उभं राहतं. ते खळीत बुडवून, चुण्या घालून, टाचण्या लावून वाळवावं लागतं. जुन्या नऊवारीचं विरलेलं सूत याला सगळ्यात चांगलं.

कोणत्या सालातलं घर?

'जुनं घर' हा काळ नव्हे. साल ठरवलं की निम्मे प्रश्न सुटतात. समजा १९३५ धरलं. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तो भारतात आला १७ सप्टेंबर १९४८ ला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर बीदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे देशमुखाच्या बैठकीत लोडतक्क्याशेजारी काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेलं बिदरी पानदान किंवा हुक्का अगदी योग्य. मराठी वाडा म्हणून त्याला पुण्याच्या पेशवाईचा साज चढवणं हे मात्र सोयीचं खोटं आहे.

भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती चालतील, कारण त्यांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला होता. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली, तेव्हा रॉकेलचा कंदील, काचेच्या तसबिरी, भिंतीवरचं घड्याळ असा बाहेरचा मालही ठेवता येतो. स्टीलचे डबे नकोत, कल्हई केलेली पितळ-तांब्याची भांडी हवीत. आणि कितीही हात शिवशिवले तरी दाराआड कालनिर्णय टांगायचं नाही. ते १९७३ चं.

साध्या शेतकऱ्याचं घर करायचं असेल तर यातलं बहुतेक सामान गळतं. मग उतरंड, जातं, उखळ, शिंकं, बाज, घोंगडी, खुंटीला दोरखंड आणि दाराशी बैल. हे घर करायला स्वस्त आहे, पण जास्त अवघड. रिकाम्या भिंतीवरची प्रत्येक चूक दिसते.

शेजारी दुसरं घर

एकच घर पूर्ण करून थांबावं असं काही नाही. पुनर्वसनात कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं देण्यात आली. त्यातलं २५० फुटांचं घर याच प्रमाणात केलं तर साधारण वीस इंच लांब आणि साडेबारा इंच रुंद होतं. पातळ भिंती, काँक्रीटचं छत, सरळ रस्त्यावर ओळीने आखलेली घरं. ढेलज नाही, बळद नाही, त्यामुळे कणगी आणि जातं कुठे ठेवायचं हा प्रश्न मॉडेलमध्येही लगेच पुढे येतो. बाहेर पत्र्याचं छप्पर जोडल्याशिवाय बैलाला जागा होत नाही. पत्रा करायला जाड अॅल्युमिनियम फॉइल बारीक दातांच्या कंगव्यावर दाबून घ्यावी. नाली हुबेहूब उमटतात.