रायगड किनारपट्टीवरील लोकसभा निवडणुका : नेत्याविषयीचे मत आणि व्यूहात्मक मतदान (१९५२ ते २०२४)

प्रस्तावना

मतदार नेत्याकडे पाहून मत देतो, पक्षाकडे पाहून देतो की निकालाचा अंदाज बांधून देतो, हा निवडणूक अभ्यासातील जुना वाद आहे. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून येतो, तेथे आपले मत वाया जाऊ नये म्हणून मतदार तिसऱ्या पक्षाला सोडून पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतो. व्यूहात्मक मतदान म्हणतात ते यालाच. ‘मत फुकट घालवू नका’ हे प्रचारसभेतील वाक्य त्याच सिद्धांताचे बोलीरूप होय. प्रस्तुत लेखात रायगडच्या किनारपट्टीवरील लोकसभा निवडणुकांच्या आधारे या सिद्धांताची मर्यादा तपासली आहे. या प्रदेशात तिसरा पक्ष दुर्बळ झाला तरी निर्णायक राहिला. त्यामुळे दुव्हर्जे यांचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

कुलाबा मतदारसंघाची परंपरा

कुलाबा जिल्ह्याचे नामांतर १९८१ मध्ये रायगड असे झाले, परंतु लोकसभेचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत ‘कुलाबा’ याच नावाने ओळखला जात होता. १९५२ मध्ये येथून काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख निवडून आले. ते त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री होते आणि मूळचे याच जिल्ह्यातील. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ही जागा शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांच्याकडे गेली. देशमुखांविषयीचा आदर तेवढ्यात ओसरला असे मानण्याचे कारण नाही. उलट राजीनाम्याने तो वाढलाच असावा. मात्र त्या आदराचा लाभ त्यांच्या पक्षाला झाला नाही. नेत्याविषयीचे मत आणि पक्षाला दिलेले मत या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे या मतदारसंघाने इतक्या लवकर दाखवून दिले होते.

शेकापची येथील मुळे पक्षाच्या स्थापनेहून (१९४७) जुनी आहेत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमीन न कसता राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणीतून जी निष्ठा तयार झाली, ती एखाद्या निवडणुकीपुरती नव्हती. अशा मतदाराला ‘तुमचा पक्ष दिल्लीत सत्तेवर येणार नाही’ असे सांगून वळविणे अवघड असते, कारण दिल्ली हा त्याच्या मताचा हेतूच नसतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९८४ चे आहे. नवी मुंबई प्रकल्पासाठी सिडकोने पनवेल-उरण भागात केलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये देशभर काँग्रेसला अभूतपूर्व यश मिळाले. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत कुलाबा होता, तेथे दि. बा. पाटील १९७७ नंतर दुसऱ्यांदा विजयी झाले. राजापूरमध्येही मधु दंडवते निवडून आले. दिवंगत पंतप्रधानांविषयी या किनाऱ्यावर सहानुभूती नव्हती, असा अर्थ या निकालातून काढणे योग्य ठरणार नाही. सहानुभूती आणि सातबारा यांचा हिशेब मतदाराने स्वतंत्रपणे केला, एवढेच म्हणता येते. १९८९ मध्ये काँग्रेस केंद्रातील सत्तेबाहेर गेली, तेव्हा याच मतदारसंघाने काँग्रेसचे बॅ. ए. आर. अंतुले यांना निवडले आणि १९९१ व १९९६ मध्येही कायम ठेवले. १९९८ व १९९९ मध्ये पुन्हा शेकापचे रामशेठ ठाकूर आले, तर २००४ मध्ये पुन्हा अंतुले.

पुनर्रचनेनंतरचे गणित

२००८ च्या पुनर्रचनेने या परंपरेचे भूगोलच बदलले. पनवेल, उरण व कर्जत हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघात गेले. नव्या रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांना रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर जोडले गेले. शेकापचा बळकट पट्टा दोन मतदारसंघांत विभागला गेला आणि स्वबळावर खासदार निवडून आणण्याची त्याची क्षमता संपली. दुव्हर्जे यांच्या मांडणीनुसार येथून पुढे शेकापचा मतदार आपोआप दोन मोठ्या पक्षांकडे सरकावयास हवा होता. प्रत्यक्षात घडले ते असे की, कोणाबरोबर जावयाचे याचा निर्णय प्रत्येक निवडणुकीत पक्षाच्या नेतृत्वाने घेतला आणि तो दर वेळी बदलत गेला.

२००९ मध्ये शेकापने शिवसेनेचे अनंत गीते यांना साथ दिली. गीते यांना ४,१३,५४६ तर केंद्रीय मंत्री असलेल्या अंतुले यांना २,६७,०२५ मते पडली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर अंतुले यांनी केलेल्या वक्तव्यावरून मोठा वाद झाला होता. त्यामुळे या पराभवात नेत्याविषयीचे मत किती आणि शेकापची साथ किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

२०१४ चा निकाल मात्र अधिक बोलका आहे. नरेंद्र मोदी यांच्या नावावर लढली गेलेली ही निवडणूक. महायुतीने राज्यातील ४८ पैकी ४२ जागा जिंकल्या. गीते महायुतीचेच उमेदवार होते, तरीही त्यांची मते २००९ च्या तुलनेत १७,३६८ ने घटून ३,९६,१७८ झाली. राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांना ३,९४,०६८ मते मिळाली. अंतर केवळ २,११० मतांचे. शेकापने या वेळी रमेश कदम यांना स्वतंत्रपणे उभे केले होते आणि त्यांना १,२९,७३० मते पडली. विजयाची कोणतीही शक्यता नसताना सव्वा लाखाहून अधिक मतदार तिसऱ्या उमेदवाराबरोबर राहिले. राष्ट्रीय नेत्याची लाट त्यांच्यापर्यंत पोचली नाही आणि ‘मत फुकट जाईल’ ही भीतीही त्यांना हलवू शकली नाही.

त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ९,८४९ मते मिळाली, म्हणजे विजयी अंतराच्या साडेचार पटींहून अधिक. मतदानयंत्रावर तोवर उमेदवाराचे छायाचित्र नसे. ती तरतूद निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये केली. ज्याने ‘घड्याळ’ शोधले तो चुकण्याचा संभव कमी होता. ज्याने माणसाचे नाव शोधले तो चुकू शकत होता. हे खरे असेल तर येथे एक विचित्र न्याय झाला : व्यक्तीवर अधिक भर देणाऱ्या मतदाराचे मतच त्या व्यक्तीपर्यंत पोचले नाही. ही सर्व मते चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही. पण त्यांतील चौथा हिस्सा जरी चुकीचा असेल, तरी लोकसभेतील रायगडचा प्रतिनिधी मतदारांच्या हेतूने नव्हे तर नामसाधर्म्याने ठरला असे म्हणावे लागते. अशा निकालावरून मतदाराची ‘व्यूहरचना’ वाचणारा अभ्यासक निसरड्या जमिनीवर उभा असतो.

पाठिंबा हस्तांतरित होतो काय?

२०१९ मध्ये शेकाप तटकरे यांच्या बाजूने आला. तटकरे यांना ४,८६,९६८ व गीते यांना ४,५५,५३० मते मिळाली. राज्यात युतीने ४१ जागा जिंकल्या असताना राष्ट्रवादीच्या चार जागांत रायगड होती. शेकापच्या मतांनी तटकरे जिंकले, असे विवेचन तेव्हा सर्रास झाले. आकडे मात्र थोडे आवरते घ्यायला लावतात. शेकापची २०१४ मधील सर्व मते मिळाली असती, तर तटकरे यांची बेरीज ५,२३,७९८ व्हावयास हवी होती. त्यांची वाढ ९२,९०० ची आहे, आणि गीते यांचीही ५९,३५२ ने वाढ झाली. मतदारसंख्या वाढली, नवे मतदार आले, हे धरूनही नेत्याने दिलेला पाठिंबा मतपेटीत अखंड उतरला नाही, हे उघड आहे. ज्या शेकाप कार्यकर्त्याने पंधरा-वीस वर्षे स्थानिक पातळीवर राष्ट्रवादीशी झुंज दिली, त्याला एका बैठकीतील निर्णयाने घड्याळाचे बटण दाबायला लावणे सोपे नसते.

२०२४ मध्ये चित्र पुन्हा उलटले. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली होती. तटकरे अजित पवार यांच्या पक्षातर्फे, भाजपच्या साथीने उभे राहिले. गीते उद्धव ठाकरे यांच्या पक्षातर्फे मशाल या चिन्हावर, आणि शेकापचा पाठिंबा गीते यांना होता. राज्यात महाविकास आघाडीने ३० जागा जिंकल्या, परंतु रायगडमध्ये तटकरे ५,०८,३५२ विरुद्ध ४,२५,५६८ अशा फरकाने विजयी झाले. अजित पवार यांच्या पक्षाची राज्यातील ही एकमेव जागा. म्हणजे सलग दुसऱ्यांदा रायगडने राज्याच्या कलाविरुद्ध कौल दिला आणि दोन्ही वेळा एकाच व्यक्तीला दिला, त्या व्यक्तीचे मित्रपक्ष पूर्णतः बदललेले असताना.

येथे मतमोजणीच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या जात. २००४ पासून सर्वत्र मतदानयंत्रे आल्यावर केंद्रनिहाय आकडे जाहीर होऊ लागले. ते एकत्र करणाऱ्या टोटलायझर यंत्राची शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली, पण ती अमलात आलेली नाही. काही शे मतदारांच्या कोळीवाड्याने किंवा खाडीकाठच्या वाडीने कोणाला मत दिले, हे दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पुढाऱ्याला ठाऊक असते. जेट्टी, रस्ता, नळपाण्याची योजना ज्याच्या हातून यावयाची, त्याला आपल्या गावाचा आकडा दिसणार आहे हे मतदारही जाणतो. दुव्हर्जे यांच्या मतदाराला प्रश्न पडतो तो ‘कोण जिंकेल’ एवढाच. मुरूड-श्रीवर्धनच्या मतदारापुढे ‘जिंकल्यावर तो आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहील’ हाही प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शोधताना दिल्लीतील नेत्याविषयीचे त्याचे मत बहुधा घरीच राहते.