दादासाहेब खापर्डे यांच्या दैनंदिनीतील एक तापस

कौटिलीय अर्थशास्त्रात गूढपुरुषांची जी गणना केली आहे, तींत ‘तापस’ हा एक प्रकार सांगितला आहे. मुंडन केलेला अथवा जटा वाढविलेला, पोटासाठी राजाची सेवा पत्करलेला असा तपस्व्याच्या वेषातील हेर तो. वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासात या वर्णनाचा पडताळा कसा येतो, तेवढे येथे दाखवावयाचे आहे.

अमरावतीचे प्रसिद्ध वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १९०८ साली टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा तत्संबंधी खटपट करण्यास दादासाहेब विलायतेस गेले व १९१० साली परतले. पुढे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ ते शिर्डीस साईबाबांपाशी राहिले. त्या मुक्कामातील त्यांच्या इंग्रजी दैनंदिनीत ‘हंस’ या नावाच्या एका साधुवृत्तीच्या गृहस्थाचा उल्लेख येतो. हा हंस गुप्त पोलिसांचा हेर होता, असे दादासाहेबांचे पुत्र बाळकृष्ण यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या पितृचरित्रात नमूद केले आहे.

आता मूळ नोंद पुन्हा वाचावी. हंसाने आपल्या हिमालयप्रवासाची हकीकत सांगितली: मानससरोवर, तेथे कानी पडलेले उपनिषद्गान, पाऊलखुणांवरून सापडलेली गुहा आणि गुहेतील महात्मा. हा महात्मा बोलला कशाविषयी? तर त्याच दिवशी टिळकांस झालेल्या शिक्षेविषयी! भाविक वाचकास यात अंतर्ज्ञान दिसेल. आम्हांस गळाला लावलेले आमिष दिसते. टिळक त्या वेळी मंडालेच्या बंदिवासात होते. त्यांचे नाव निघाले म्हणजे दादासाहेबांचे मन मोकळे होणार, हे ताडूनच ही कथा रचलेली असावी. दादासाहेबांसारख्या कसलेल्या वकिलाने ती ऐकली तशी उतरून ठेवली.

विशिष्ट प्रसंगी टपाल अडविण्याचा अधिकार सरकारास १८९८ च्या पोस्टाच्या कायद्याने होताच. परंतु पत्र फोडले जाईल हे राजकारणी मनुष्य धरून चालतो. शेजारी बसून उपनिषदांच्या गोष्टी सांगणाऱ्या साधूपुढे तो सावध राहात नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. दादासाहेबांस असा आश्रय नव्हता. (आम्हीही परक्याची दैनंदिनीच वाचीत आहो, याची जाणीव आम्हांस आहे.)

अमरावती-अकोल्याकडील संग्राहकांस एक विनंती. त्या काळच्या राजकारणी घराण्यांची दप्तरे चाळताना आल्यागेल्या साधुबैराग्यांच्या नोंदी किरकोळ म्हणून वगळू नयेत. आणि या दैनंदिनीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा हंसाच्या प्रत्येक उल्लेखाखाली बाळकृष्णांच्या चरित्राचा निर्देश करावा.