मुद्रेविना मुद्रा : स्वतंत्र भारताच्या नाण्यावरील चिन्हांची निवड

जरीपटका हे आज नागपूरच्या उत्तर भागातील एका वस्तीचे नाव आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती गजबजली. नाव मात्र मराठ्यांच्या निशाणाचे. हे निशाण आणि ज्या भोसल्यांनी नागपुरास राजधानीचे रूप दिले त्यांची नाणी शेजारी ठेवली, तर एक विसंगती ध्यानात येते. निशाण मराठ्यांचे होते, पण भोसल्यांच्या रुपयावर फारसी अक्षरांत नाव होते मोगल बादशहा अहमदशहाचे. अहमदशहा १७५४ मध्येच पदच्युत झाला होता. दिल्लीच्या तख्तावरून उतरलेला हा बादशहा नाण्यावरून काही उतरला नाही.

यात लाचारी शोधणे सोपे आहे आणि बहुधा चुकीचेही. निशाण रणात डोळ्यांना दिसायचे असते. नाणे सराफाच्या हातून, बाजारातील अनोळखी माणसाच्या हातून पुढे जायचे असते. ओळखीचा छाप बदलला की पारख नव्याने सुरू होते आणि बट्टा द्यावा लागतो. म्हणून नवी सत्ता निशाण आधी बदलते, नाणे नंतर. ईस्ट इंडिया कंपनीनेही दीर्घकाळ शाहआलमच्या नावाचेच रुपये पाडले; विल्यम चौथ्याचा चेहरा तिने १८३५ साली आणला. या पार्श्वभूमीवर १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचे शिवाजीमहाराजांचे होन आणि शिवराई उठून दिसतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढीच देवनागरी अक्षरे. चेहरा नाही, चित्र नाही. सार्वभौमत्वाचे चिन्ह म्हणून लिपी पुरेशी ठरल्याचे हे उदाहरण आहे.

मराठीत ‘मुद्रा’ या शब्दाला चेहरा आणि शिक्का असे दोन्ही अर्थ आहेत. १८३५ नंतरच्या नाण्यांत हे दोन अर्थ एकमेकांत विरघळले. राजाची मुद्रा हीच मुद्रा झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्तांतर झाले, तिरंगा लागला. खिशातील रुपयावर मात्र सहावा जॉर्ज होता आणि त्याच्याभोवती ‘राजा सम्राट’ अशी इंग्रजी अक्षरे होती. भारताचा सम्राट ही पदवी त्या राजाने जून १९४८ मध्ये सोडली. नाण्याने तीही सोडली नाही. भोसल्यांच्या रुपयाची कथा जणू पुन्हा घडत होती.

प्रश्न असा होता की, चेहरा काढल्यावर तिथे काय ठेवायचे? पाश्चात्त्य परंपरेत याचे एक तयार उत्तर होते. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना त्याला घातली जाणारी टोपी हे स्वातंत्र्याचे चिन्ह होते. सीझरच्या वधानंतर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजिरांच्या मधोमध ती दिसते. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूस ब्रूटसने स्वतःचा चेहरा कोरवला, ही गोष्ट स्वातंत्र्यचिन्हांच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही. अमेरिकेत १७९२ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाचे मुख नाकारून स्वातंत्र्यसूचक आकृतीची सक्ती केली. फ्रान्सच्या चांदीच्या नाण्यावर १८९७ पासून ऑस्कर रोतीची बी पेरत जाणारी स्त्री आली. तिच्याही डोक्यावर तीच टोपी होती.

भारतापाशी स्त्रीरूप नव्हते असे नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्येच भारतमाता चितारली होती. पण ही चतुर्भुज आकृती रूपक कमी आणि देवता अधिक होती. फाळणीच्या रक्तपातातून बाहेर पडणाऱ्या राज्याला देवता नाण्यावर आणणे परवडणारे नव्हते. चरख्याचा हक्क याहून मोठा होता, कारण आंदोलनाने स्वतः घडवलेले तेवढे एकच चिन्ह होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी दिलेले कारण व्यावहारिक होते : ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, चरखा तसा दिसत नाही. नाण्याला ही अडचण नाही. त्याच्या दोन बाजू मुळातच वेगळ्या असतात. तरीही १९५० च्या नाण्यांवर चरखा आला नाही. तेव्हा कारण केवळ आरेखनाचे नसावे असे मानावयास जागा आहे. चरखा हे प्रतिकाराचे चिन्ह होते, आणि आता राज्य करावयाचे होते.

कागदी चलनासाठी गांधीजींच्या मुखाचे नमुने तयार झाले होते. अखेर एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. १९४९ ची एक रुपयाची नोट, २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेली राजमुद्रा आणि १५ ऑगस्ट १९५० रोजी आलेली प्रजासत्ताकाची पहिली नाणी या तिन्हींवर तेच सिंह आहेत. मूळ शिल्पावरील सर्वांत वरचे भव्य धर्मचक्र आणि खालचे उलटे कमळ राजमुद्रेत नाही. म्हणजे ही प्रतिकृती नसून संपादित संहिता आहे.

नाण्याची दुसरी बाजूही वाचण्याजोगी आहे. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर राजाच्या पाठीशी वाघ होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत उभ्या राहिलेल्या आझाद हिंद फौजेच्या ध्वजावरही झेपावणारा वाघच होता. एकच प्राणी सम्राटाच्या नाण्यावर आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या ध्वजावरही असावा, हे चिन्हाच्या अनिश्चिततेचे उत्तम उदाहरण होय. १९५० मध्ये वाघ गेला. रुपया, अर्धा रुपया व पाव रुपयावर धान्याची कणसे आली, आण्याच्या नाण्यांवर बैल, पैशावर घोडा. बैल आणि घोडा सिंहशीर्षाच्या बैठकीवरही कोरलेले आहेत. कणसाला मात्र तसा प्राचीन आधार नाही. त्यामागे १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि रेशनच्या रांगा आहेत. साऱ्या मालिकेत लोकांच्या तत्कालीन अनुभवाशी थेट बोलणारे चिन्ह हेच.

परंतु यांपैकी कोणतेही चिन्ह ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारत नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या भाषेत, सिंह अभिधेने अशोकाचा स्तंभ दाखवतात, लक्षणेने राज्यसंस्था. स्वातंत्र्य उरते ते व्यंजनेत. आणि व्यंजनेला संदर्भ लागतो. ज्याच्या हातात काल राजाचा चेहरा होता त्यालाच आजच्या नाण्यावरचा त्याचा अभाव दिसतो. पुढच्या पिढीला तो दिसण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली तेव्हा नव्या पैशावर ‘रुपये का सौवां भाग’ असे समजावून सांगावे लागले. अभावाचा अर्थ समजावणारा असा मजकूर कुठे कोरलेला नाही.

हा अर्थ वाचकाकडून भरला जातो, आणि नागपुरात तो एका विशिष्ट रीतीने भरला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. आंबेडकरांनी येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जरीपटक्याला लागून असलेल्या इंदोऱ्यासारख्या वस्त्यांतून त्यानंतर अशोकाचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील उरले नाही. राज्याने सिंह निवडले ते प्राचीन, शांत आणि कोणत्याही विद्यमान गटाचे नसलेले म्हणून. नवदीक्षितांना ते आपले म्हणून वाचता आले. तटस्थ समजून घेतलेल्या चिन्हाला येथे एक वारस मिळाला. निर्मात्याचा हेतू आणि वाचकाचा अन्वय यांतील अंतराची चर्चा आपल्या समीक्षेत कवितेच्या संदर्भात पुष्कळ झाली; तिच्यासाठी इतके सामाजिक उदाहरण क्वचित मिळेल.

चेहऱ्याची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. अमेरिकेत १७९२ चा संकेत नित्य चलनात मोडायला १९०९ साल उजाडावे लागले. तेव्हा सेंटवर लिंकन आला. भारतात चौदा वर्षे पुरली. १९६४ मध्ये नेहरूंचे, १९६९ मध्ये गांधीजींचे मुख नाण्यावर आले. स्वातंत्र्याच्या पंचविशीला, १९७२ मध्ये, ध्वज धरलेले स्त्रीपुरुष आले. १९९७ मध्ये दांडीयात्रा. या आकृती कथा सांगतात, चिन्ह होत नाहीत. अमूर्ताकडे वळण्याचा प्रयत्न पुढे ‘विविधतेत एकता’ या कल्पनेच्या नाण्याने केला. त्यावरील रेषांत अनेकांना ख्रिस्ती क्रूस दिसला आणि वाद झाला. २००७ पासून नृत्यातील हस्तमुद्रा नाण्यांवर आल्या. मुद्रेचा हा तिसरा अर्थ. सुंदर, आणि कोणाचेही काही न बिघडवणारा.

१९९० मध्ये आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक रुपयाचे नाणे निघाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहून, चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये असा आग्रह धरणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा चेहरा स्वतः रुपयावर आला. त्याच्या दुसऱ्या बाजूला सिंह आहेत. सीताबर्डीच्या दुकानात ते एक रुपयाचे नाणे होते; इंदोऱ्यातील घरांत त्याच्या दोन्ही बाजू एकाच वाक्यासारख्या वाचता येत होत्या.