डबा, भोपळा आणि पाण्यातला तोल

आमच्या लातूर-नांदेडकडे पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. कमरेला दोर, पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा, आणि काठावर काका. चार दिवसांत डबा सुटायचा. ज्याचा पाय लुळा किंवा अंग आखडलेलं, ते पोर मात्र कपडे राखत काठावरच.

अशा मुलांना पाण्यात कसं घ्यायचं, याचा नीट विचार १९४९च्या सुमारास लंडनला झाला. जेम्स मॅकमिलन मूळचा इंजिनिअर. हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत तो पोहणं शिकवू लागला. त्याने तरंगायची साधनंच काढून टाकली. यामागचं गणित मला लगेच पटलं. वजन शरीराला एका बिंदूतून खाली ओढतं, पाणी दुसऱ्या बिंदूतून वर उचलतं. दोन्ही एका रेषेत नसले की शरीर वळतं. एक बाजू आखडलेलं मूल म्हणूनच पाण्यात कुशीवर जातं. डबा ते वळणं नुसतं दाबून ठेवतो, आवरायला शिकवत नाही. म्हणून हॅलिविक पद्धतीत आधी पाण्याची सवय आणि श्वास, मग वळण आवरणं, आणि हात मारणं अगदी शेवटी. प्रत्येक मुलामागे पाण्यात एक माणूस.

आपला इतिहास मात्र पदकांचा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ला हायडेलबर्गमध्ये त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. २०१६ला तो रिओत पोहला. दोघांचंही अपंगत्व नंतरचं. जन्मापासून आखडलेल्या मुलाकडे धडधाकट शरीराची आठवण नसते. त्याला पद्धतच लागते.

त्याच २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. डिसेंबरमध्ये दिव्यांग हक्क कायदा झाला. खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या करणं ही सरकारची जबाबदारी ठरली. टंचाईच्या गावात तलाव ही चैन वाटते, हे मला कळतं. पण गळ्यापर्यंतच्या पाण्यात पायांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. जमिनीवर उभं न राहू शकणारं मूल तिथे उभं राहू शकतं. तलावाचं पाणी गाळून पुन्हा वापरता येतं. मुलाला धरून पाण्यात उभा राहणारा शिकलेला माणूस तयार करणं, हे खरं काम आहे.