नव्या चित्रणाला जुन्या फितीचा साज

चित्र अधिकाधिक स्वच्छ आणि रेखीव करणे, हीच दृश्यतंत्रज्ञानाची आजवरची दिशा राहिली आहे. गेल्या काही वर्षांत मात्र हौशी आणि व्यावसायिक चित्रणकारांचा एक वर्ग नेमक्या उलट्या दिशेने निघाला आहे. उत्तम डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेले चित्रण मुद्दाम व्हीएचएस फितीवर उतरवायचे, ते पुन्हा संगणकावर घ्यायचे आणि त्याला ऐंशी-नव्वदच्या दशकांतील घरगुती कॅसेटचे रूप द्यायचे, अशी ही पद्धत आहे. गाण्यांचे व्हिडिओ आणि लघुपट यांत ती चांगलीच रुळली आहे.

फितीवर नेमके काय घडते?

'जेव्हीसी' या जपानी कंपनीने १९७६मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. यात अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत ६२ मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या ड्रमला तिरकी वेढली जाते. भारतात प्रचलित असलेल्या 'पाल' पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावरील हेड फितीवर तिरप्या रेघांच्या रूपाने चित्र नोंदवतात. फीत स्वतः मात्र सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते.

एवढ्याशा जागेत संपूर्ण चित्र मावत नाही. त्यामुळे प्रकाशाचा तपशील आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांपर्यंत घटतो. रंगाची माहिती तर याहून कितीतरी आखडून, सुमारे ६२७ किलोहर्ट्झच्या खालच्या कंप्रतेवर बसवली जाते. लाल साडीचा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो, तो यामुळेच. फितीवरील चुंबकीय लेप एखाद्या ठिकाणी उडाला असेल, तर तेथे पांढरी रेघ चमकून जाते. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी म्हणजे एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम सोपवले जाण्याची खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ही पट्टी झाकली जात असे. संगणकाच्या पडद्यावर ती उघडी पडते.

हाच परिणाम देणारी संगणक प्रणाली आणि मोबाइल अॅप आज सहज मिळतात. त्यांतील काही उत्तमही आहेत. तरीही खऱ्या फितीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे, की फितीवरील दोष ठरावीक साच्यातले नसतात. तीच कॅसेट दुसऱ्यांदा लावली, तर चित्र किंचित वेगळे दिसते.

चित्रपटांतील प्रयोग

चिलीचे दिग्दर्शक पाब्लो लाराइन यांनी 'नो' (२०१२) हा चित्रपट जुन्या यू-मॅटिक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर चित्रित केला. त्यामुळे १९८८च्या सार्वमताची मूळ दृश्ये आणि नवे चित्रण यांतील सांधा जाणवत नाही. 'ड्यून' (२०२१) डिजिटल कॅमेऱ्यावर टिपून ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवला गेला आणि पुन्हा स्कॅन करण्यात आला. माध्यम वेगळे असले, तरी विचार तोच.

कृती कशी करावी?

संगणकावर चित्रण ४:३ या चौकटीत आणि सेकंदाला २५ फ्रेम या गतीने तयार करावे. एचडीएमआयचा संकेत अॅनालॉगमध्ये बदलणारा छोटा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो 'पाल'वर ठेवून त्याची पिवळी व्हिडिओ पिन आणि लाल-पांढऱ्या ध्वनीपिना व्हीसीआरच्या 'इन'मध्ये जोडाव्यात आणि रेकॉर्डचे बटण दाबावे. फितीवरील चित्रण परत घेताना व्हीसीआरच्या 'आउट'मधून कॅप्चर कार्डाकडे जोडणी करावी. जुन्या फितीचा संकेत डळमळीत असल्याने काही स्वस्त कॅप्चर साधने फ्रेम गाळतात. अशा वेळी मध्ये 'टाइम बेस करेक्टर' जोडल्यास चित्र स्थिरावते.

परिणाम अधिक गडद हवा असेल, तर एका कॅसेटवरून दुसरीवर प्रत काढावी. प्रत्येक प्रतीगणिक चित्र खालावते. यंत्रात सोय असल्यास 'एलपी' या मंद गतीवर मुद्रण करण्याचाही पर्याय आहे. बारीक अक्षरे मात्र फितीवर वाचता येत नाहीत. शीर्षके मोठी आणि ठळक ठेवावीत. मूळ डिजिटल फाइल जपून ठेवावी, हे सांगणे न लगे.

बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा धोका मोठा असतो. अशा फितीमुळे हेड खराब होतात आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला तो संसर्ग पोहोचू शकतो.

कॅसेट कोरी आहे का?

या छंदातील खरा प्रश्न तंत्राचा नसून कॅसेटचा आहे. व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी कंपनी मानल्या जाणाऱ्या 'फुनाई'ने जुलै २०१६मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. कोऱ्या कॅसेटही दुर्मीळ झाल्याने जुन्या बाजारातील वापरलेल्या कॅसेट स्वस्तात घेऊन त्यांवर मुद्रण केले जाते. १९८२मध्ये रंगीत दूरदर्शन आल्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील असंख्य घरांमधील लग्ने, मुंजी आणि बारशी व्हीएचएसवरच टिपली गेली. त्यांतील अनेकांची दुसरी प्रत कोठेही नाही. नवे मुद्रण सुरू होताच व्हीसीआरमधील स्वतंत्र हेड आधीचे सारे पुसून टाकते. ते परत मिळत नाही.

ही चूक मोठमोठ्या संस्थांच्याही हातून घडली आहे. बीबीसीने १९६० आणि १९७०च्या दशकांत कित्येक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. चंद्रावरील पहिल्या पावलाचे मूळ प्रक्षेपण ज्या फितींवर नोंदले होते, त्याही बहुधा पुसून वापरल्या गेल्या, असे 'नासा'ने २००९मध्ये जाहीर केले.

हे टाळण्याचा उपाय साधा आहे. कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला, की व्हीसीआर त्या कॅसेटवर मुद्रण करीत नाही. तेथे चिकटपट्टी लावून ही अडवणूक दूर करता येते आणि अनेक जण तसे करतातही. पण तुकडा मोडलेला असणे याचा अर्थच असा, की त्या फितीवरील चित्रण कोणाला तरी जपून ठेवावेसे वाटले होते. अशी कॅसेट आधी पूर्ण पाहावी, आत घरगुती चित्रण आढळल्यास त्याची डिजिटल प्रत करून घ्यावी. चालू स्थितीतील व्हीसीआर हाताशी असणारे आता थोडेच उरले आहेत; जुन्या चित्रणाची सुटका करण्याचे साधनही त्यांच्याच हाती आहे.