कच्चा लिंबू

कच्चा लिंबू : मुलांच्या खेळातल्या नवख्या किंवा वयाने लहान गड्याला लावला जाणारा बोलीतला शब्द. लपंडाव, लगोरी, पकडापकडी अशा खेळांत त्याला घेतात, मनसोक्त पळू देतात; पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. या अर्थाचे मूळ फळाच्या आंबटपणात शोधावेसे वाटते, मात्र खरी किल्ली ‘कच्चा’ या विशेषणात आहे. कच्ची नोंद, कच्चा खर्डा, कच्चा कैदी या प्रयोगांत ‘कच्चा’चा अर्थ ‘अजून पक्क्या वहीत न चढलेला’ असा होतो. कच्च्या कैद्याचा गुन्हा सिद्ध धरत नाहीत, तसे कच्च्या लिंबाचे बाद होणे मोजत नाहीत. मग लिंबूच का, असे कोणी विचारील. अशाच मुलाला बंगालीत ‘दुधभात’ म्हणतात, तेलुगूत खेळातले ‘अरटिपंडू’ म्हणजे केळे, आणि थेट जपानीत ‘मिसोक्कासु’, म्हणजे मिसोचा चोथा. ताटातली एखादी किरकोळ, निरुपद्रवी वस्तू एवढेच सगळीकडे पुरते; लिंबाच्या जागी दुसरे काही आले असते तरी नियम तोच राहिला असता.

व्युत्पत्तीचा खरा पेच लिंगाचा आहे. प्रमाण मराठीत लिंबू नपुंसकलिंगी, तेव्हा ‘कच्चे लिंबू’ हवे होते. गडी मुलगा म्हणून ‘कच्चा’ झाला म्हणावे, तर मुलगीही ‘कच्चा लिंबू’च असते. हिंदीत हे फळ पुल्लिंगी, म्हणून शब्द तिकडून आला म्हणावे, तर हिंदीचे प्रमाण रूप ‘नींबू’, ‘ल’ मराठी-गुजरातीचा. सागर बल्लारी यांच्या २०११ च्या हिंदी चित्रपटाचे नावसुद्धा ‘कच्चा लिंबू’च आहे. ध्वनी एकीकडचा आणि लिंग दुसरीकडचे, अशी जोडणी मुंबईसारख्या बहुभाषी वस्तीतल्या चाळींच्या अंगणात झाली असावी, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते. काही जणांच्या बोलण्यात ‘तो लिंबू’ असाही प्रयोग येतो, त्यामुळे याला अनुमानच म्हणायचे.

‘लिंबूटिंबू’ हा याचा चुलतभाऊ, पण समानार्थी मुळीच नाही. क्रीडावृत्तांत दुबळ्या संघाला तो लावतात तेव्हा त्यात हिणवणे असते आणि सवलत कसलीच नसते. त्या संघाचा प्रत्येक बळी धावफलकावर लागतो. अशा लिंबूटिंबूंत गणल्या गेलेल्या केनियाने २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली होती.