इंफाळची जपानी स्वारी : कलाटणीचा दिवस कोणता?

सन १९४४ च्या मार्चमध्ये जपानच्या पंधराव्या सेनेने चिंदविन नदी ओलांडून मणिपुरावर स्वारी केली. ती कोठे फिरली, या प्रश्नास बहुतेक ग्रंथकार ‘कोहिमा’ असे एका शब्दात उत्तर देतात. ते असत्य नव्हे. परंतु ‘कलाटणी’ हा शब्द आपण एकवचनी योजतो, म्हणून एकच दिवस हुडकू लागतो. आणि येथे तो शोध फसवा ठरतो.

सेनापती मुतागुची यांची सारी भिस्त वेगावर होती. सैनिकांपाशी शिधा सुमारे तीन आठवड्यांचा. पुढील निर्वाह इंफाळची कोठारे हाती आल्यावर व्हावयाचा. सोबत हाकीत आणलेल्या गुरांपैकी पुष्कळशी नदीतच बुडाली. अशा योजनेत विलंबाचा एकेक दिवस म्हणजे उपासाचा एकेक दिवस होय. हे गणित ध्यानी घेतले म्हणजेच सांगशाकचे मोल कळते.

कोहिमाकडे निघालेले मियाझाकी यांचे पथक मार्च २२ च्या सुमारास सांगशाकच्या टेकडीवर अडखळले. वस्तुतः हे ठिकाण त्यांच्या डिव्हिजनच्या वाट्याचे नव्हतेच. टेकडीवर पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्यासमवेत मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन. काटेरी तार नाही, पाण्याचा तुटवडा, विमानांतून टाकलेले सामान बहुतांशी शत्रूच्या हद्दीत पडे. ता. २६ च्या रात्री टेकडी सोडावी लागली, म्हणून या लढाईची गणना पराभवात होते. तथापि या दिवसांत जपानी योजनेचा नकाशा हाती लागून इंफाळास पोहोचला, आणि कोहिमाच्या वाटेवरील पथकाचे मोलाचे दिवस गेले.

त्याच सुमारास पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानातून विमानांनी हलविली जात होती. तिची एक ब्रिगेड दिमापूरकडे गेली. तिच्यातील वेस्ट केंट पलटण एप्रिल ५ रोजी कोहिमात शिरली, तेव्हा वेढा नुकताच पडू लागला होता. दिमापूर घेण्याची मुतागुचींची इच्छा वरिष्ठ सेनापती कावाबे यांनी मोडून काढली. स्लिम यांस खरे भय दिमापूरचेच होते, हे येथे विसरता कामा नये.

अन्न आणि दारूगोळा संपल्यावर सातो यांनी मेअखेर आज्ञेविना माघारीस आरंभ केला. जून ६ रोजी कावाबे व मुतागुची समक्ष भेटले. स्वारी थांबवावी, असे मुतागुचींच्या मनात होते. पण ते शब्दांत न सांगता आपल्या चेहऱ्यावरून कावाबे यांनी ओळखावे, अशी त्यांची अपेक्षा. कावाबेही बोलले नाहीत. मौनास अर्थ असतो हे भाषाशास्त्र मानते. परंतु लष्करी आज्ञा मौनातून निघत नाही. थांबण्याचा हुकूम जुलैच्या आरंभी सुटला. तोपर्यंत पावसाळा लागला होता, आणि इंफाळ-कोहिमा मार्ग जून २२ रोजीच खुला झाला होता.